अण्णांचं ओमेगा सीमास्टर: डायल रंगवून घेऊ का, आणि मुलाच्या हातात बोटीवर पाठवू का?

हर्णैकरीण:

नमस्कार मंडळी. प्रश्न घड्याळाचाच आहे, पण त्याच्यावर काय काय गुदरलंय ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

आमचे अण्णा बोटीवर होते. खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन घरी आले. १९६६ साली बोट एडनला लागली असताना त्यांनी हे ओमेगा सीमास्टर घेतलं. एडनला जकात नव्हती, म्हणून घड्याळ, रेडिओ, कॅमेरा सगळे तिथेच घ्यायचे. पुढच्या जूनमध्ये सुवेझचा कालवा बंद झाला, तो थेट १९७५ पर्यंत. बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. अण्णा म्हणायचे, "एक वर्ष मागेपुढे झालं असतं तर हे माझ्या हाताला लागलं नसतं."

घड्याळ स्टीलचं, डायल चंदेरी, तीनच्या जागी तारखेची खिडकी. मागच्या झाकणावर समुद्री घोडा कोरलेला आहे, पण मनगटाला घासून घासून त्याची शेपटी जवळजवळ गेली आहे. मशीन तांबूस रंगाचं, त्यावर ५६५ हा आकडा आणि २४ ज्वेल्स (आत बसवलेले बारीक खडे) असं लिहिलंय. (दुकानात झाकण उघडलं तेव्हा मी फोटो काढून ठेवला.)

चावी द्यावी लागत नाही, हात हलला की आपोआप भरतं. २०१८ च्या गणपतीनंतर अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. घड्याळ डाव्याच हातात. दोन दिवसांनी ते थांबलं. अण्णांना वाटलं बिघडलं, आणि त्याचं त्यांना हात गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मग मी रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी ते त्यांच्या हातातून काढायची, आडवं धरून पीठ चाळल्यासारखं हलवायची, शंभरपर्यंत मोजायची आणि परत बांधायची. ते उजव्या हाताने डावं मनगट उचलून कानाशी न्यायचे आणि मान हलवायचे. चार वर्षं हा नेम होता.

मधे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमची अर्धी कौलं गेली. अण्णांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खाटेवर निजवून वर ताडपत्री धरून बसलो होतो. सकाळी अंग पुसताना घड्याळ काढून कपाटावर ठेवलेलं, ते तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर काचेच्या आत वाफ. तीन आठवडे वीज नव्हती, रस्त्यात झाडं आडवी, दापोलीला तरी कशी जाणार? तांदळाच्या डब्यात ठेवलं. वाफ गेली, पण चार आणि पाचच्या मधे चहा सांडल्यासारखा डाग पडला आणि मिनिट काट्यावर दोन तांबूस ठिपके आले.

अण्णा २०२२ मध्ये गेले. आता माझा मुलगा डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून पुढच्या महिन्यात बोटीवर चाललाय आणि त्याला आजोबांचं घड्याळ घालून जायचंय. म्हणून दुरुस्तीला नेलं. दुकानदार म्हणाले डायल काढून नवीन रंग देऊ, अक्षरं नवीन छापू, केसला बफ मारू, अगदी शोरूमसारखं करून देतो. रात्री चमकणारा रंगही भरून देतो म्हणाले. अण्णा सांगायचे की सुरुवातीला रात्रीच्या पहाऱ्याला काटे हिरवे दिसायचे, म्हणून मलाही मोह झाला. पण हो म्हणताना जीभ अडली आणि परत घेऊन आले.

शिवाय गेल्या दोन महिन्यांत ते अचानक पळायला लागलंय, दिवसाला सहा मिनिटं पुढे जातं. आधी मिनिटभराचा फरक असायचा. मधे पडलं नाही, आपटलं नाही. मी ते पर्समध्ये घालून दुकानं फिरतेय, तेवढंच.

तर डायल रंगवू का? हे पळणं कशामुळे? आणि मुलाबरोबर पाठवू का? माझ्या मनाने तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

---

दादर पश्चिम:

डायल रंगवू नका. बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं ठरवून टाका.

मी तीस वर्षं जुनी स्विस घड्याळं जमवतोय. मुंबईच्या बाजारात रंगवलेल्या डायलची ओमेगा ढिगाने मिळतात. एकदा रंग मारला की मूळ डायल कायमची गेली. मूळ छपाईची अक्षरं बारीक, टोकं अणकुचीदार असतात. नवीन छपाईत ती जाड आणि पसरट होतात, मिनिटांच्या रेघा तासाच्या कांड्यांशी जुळत नाहीत. तुमच्या डायलच्या अगदी खालच्या कडेला भिंगातून बघा, "टी स्विस मेड टी" अशी अक्षरं असतील. टी म्हणजे ट्रिटियम, रंगाला चमकवणारा किरणोत्सर्गी पदार्थ, तोच तो अण्णांचा हिरवा उजेड. त्याची तीव्रता दर १२.३ वर्षांनी निम्मी होते. साठ वर्षांत पाचेक वेळा निम्मी झाली, म्हणजे शेकडा तीन-चार उरली. आता तो उजेड दिसणार नाही, आणि नवीन रंग भरला तर तो अण्णांनी पाहिलेला उजेड नसेलच.

आणखी एक. काच मूळची असेल तर बरोबर मध्यावर, आतून, ओमेगाचं इवलंसं चिन्ह असतं. सकाळच्या तिरप्या उन्हात घड्याळ कलतं धरा, क्षणभर चमकून जाईल. दिसलं तर काच बदलू देऊ नका. ती अ‍ॅक्रिलिकची आहे, चरे पॉलिशने जातात. केसला बफ मात्र अजिबात नको, कडा गोल होतात आणि घोड्याची राहिलेली शेपटीही जाईल.

विकायचं असेल तर डाग असलेली मूळ डायल रंगवलेल्या डायलपेक्षा जास्त मोल आणते. पण तुम्ही विकणार नाही हे कळतंय.

---

रत्नागिरीचा घड्याळजी:

ताई, फोटो टाकला असतात तर बरं झालं असतं, पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की घड्याळ डोळ्यांसमोर आलं.

आमचं दुकान वडिलांचं. आमच्या पिढीचा हात बसला तो एचएमटीवर. बंगळुरूचा तो कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला आणि त्यानंतर जनता, पायलट, कोहिनूर घरोघरी आली. पण आपल्या किनाऱ्यावर बोटीवरची आणि आखातातली माणसं फार, म्हणून फेवर ल्युबा, रोमर, एनिकार, टिटोनी आणि मधूनच एखादं ओमेगाही टेबलावर यायचं. ५६५ हे मशीन मी बरेचदा उघडलंय. मजबूत आणि दुरुस्त करणाऱ्याला सोपं. ओमेगाने बनवलेल्या चांगल्या मशिनांत मी ते वरच्या नंबरला ठेवीन.

आधी पळण्याचं बोलू. तेल सुकलेलं घड्याळ बहुधा सुस्त होतं, थांबतं. असं अचानक सहा मिनिटं पळायला लागलं तर माझा पहिला संशय चुंबकावर जातो. तुमच्या पर्सला चुंबकाचं बटण आहे का बघा.

होतं काय ते सांगतो. आत बॅलन्स चाक पुढेमागे झुलतं आणि त्याला केसासारखी बारीक स्प्रिंग असते, हेअरस्प्रिंग. ५६५ मध्ये तासाला १९,८०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला साडेपाच. ती स्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना ओढतात, चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते आणि चाक घाईने झुलतं. दिवसाला सहा मिनिटं ऐकायला फार वाटतं, पण दर २४० ठोक्यांमागे एकच ठोका जास्त पडतोय. एवढ्या बारीक फरकाला दोन वेढे चिकटले तरी पुरे.

घरी तपासायचं तर शाळेच्या प्रयोगशाळेतून छोटं होकायंत्र मागून आणा. मोबाईलमधलं नको, मोबाईललाच चुंबक असतात. होकायंत्र टेबलावर स्थिर होऊ द्या आणि घड्याळ हळूहळू त्याच्याजवळ न्या. सुई झटक्याने फिरली, लटपटली, तर घड्याळ भारलंय. ते उतरवायला मिनिटही लागत नाही. कुठल्याही बऱ्या घड्याळजीकडे त्याचं यंत्र असतं, आणि ह्या कामाचे मोठे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मला जास्त काळजी निसर्गची आहे. तांदळात ठेवल्याने वाफ दिसेनाशी होते, मशीनमध्ये गेलेलं पाणी आणि मीठ तिथेच राहतं. तुमचा दोष नाही, रस्ते बंद असताना कोण काय करणार? पण वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो, काचेत वाफ दिसली की ते घड्याळ त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उघडलं गेलं पाहिजे. निसर्गनंतर माझ्याकडे आलेल्या एका घड्याळात चावीच्या दांडीवर, म्हणजे स्टेमवर, हळदीसारखी पूड होती. भिंगाखाली पाहिलं तर ती पूड तेलात कालवली जाऊन शेजारच्या चाकाच्या दातांपर्यंत गेलेली. गंज नुसता बसून राहत नाही. तेलात मिसळला की पॉलिश पेपरसारखा घासत राहतो आणि चाकाची केसाएवढी टोकं खातो. काट्यावर ठिपके आलेत म्हणजे आतही कुठेतरी असणार.

तेव्हा पूर्ण सर्व्हिसिंग करा. मशीन सुटं करून धुणं, गंजलेले भाग बदलणं, जागेजागेला वेगळं तेल, झाकणाचा आणि चावीचा वॉशर नवीन. देताना टायमिंग मशीनवरचा आकडा मागा. चाक किती अंशांत झुलतं ते त्यावर दिसतं. पूर्ण भरलेलं, डायल वर करून ठेवलेलं असताना अडीचशेच्या वर असलं तर ह्या वयाच्या मशीनला मी समाधानी असतो. बदललेले जुने भाग पुडीत बांधून परत मागायचे, लाजायचं नाही. डायलला हात लावू नका हे दादरच्या साहेबांनी सांगितलंच. मी पुढे जाऊन सांगतो, डाग कापसाने पुसायलाही देऊ नका. वरची लाख सुटते आणि तिच्याबरोबर अक्षरं जातात.

अण्णांचं घड्याळ तुम्ही रोज हलवायचात हे वाचून मी पत्नीला बोलावून वाचून दाखवलं. पुढच्यासाठी एक सांगतो. थांबलेलं असेल तेव्हा हलवत बसू नका, चावीला आत असतानाच पंचवीस-तीस फेरे द्या. ५६५ चावीनेही भरतं.

---

गुहागर बंदर:

ताई, मी चौतीस वर्षं बोटीवर काढली, चीफ ऑफिसर म्हणून उतरलो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. पाठवू नका.

कॅडेटचे पहिले महिने कसे जातात ते तुमच्या अण्णांना विचारता आलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. हातात चिपिंग हॅमर आणि समोर गंजलेला डेक. सकाळपासून हातोडा चालतो. जुन्या ओमेगात बॅलन्सच्या टोकांना झटका सोसणारी स्प्रिंग असते, पण ती मनगट दाराला आपटलं तर वाचवण्यासाठी, दिवसाला हजारो ठोके खाण्यासाठी नव्हे. वर खारं पाणी, रंग, थिनर, बोट बांधताना मूरिंगचे दोर. दोरांच्या कामाला तर मी माझ्या हाताखालच्या पोरांना हातात काहीच घालू देत नसे.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावर बसून सुचत नाही. पश्चिमेला निघालं की दर १५ रेखांशांना बोटीचं घड्याळ तासभर मागे घ्यावं लागतं. महासागर ओलांडताना हे दर दोन-तीन दिवसांनी होतं. म्हणजे प्रत्येक वेळी चावी बाहेर. साठ वर्षं जुन्या चावीवर तेवढी ओढाताण, तीही ओल्या हाताने, नको.

मुलाला आत्ता स्क्रू होणारी चावी असलेलं, आयएसओ ६४२५ ह्या पाणबुड्यांच्या घड्याळांच्या प्रमाणाचं, २०० मीटरचं डायव्हर घेऊन द्या. सायकोची ऑटोमॅटिक मिळतात, कॅडेटच्या घरच्यांना परवडतात, आणि दोन वर्षांत त्यांची चाळण झाली तरी जीव तुटत नाही. झाकणावर नुसतं ३० मीटर लिहिलेलं घेऊ नका. ३० मीटर म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं, पोहणं नाही. चामड्याचा पट्टा नको, रबरी घ्या. रोज ड्यूटी संपली की गोड्या पाण्याखाली धरायचं. चांगलं ३१६ एल स्टीलही खाऱ्या पाण्याचे थेंब कडीच्या फटीत सुकत राहिले तर तिथे टोचल्यासारखं खायला लागतं.

मुलगा विचारेल म्हणून सांगतो. सीमास्टर डायव्हर ३००, १९९३ पासून चालत आलेलं, हे मोठं घड्याळ आहे. रोलेक्स सबमरीनर तर १९५३ पासूनचं. दोन्ही मी वापरलेली आहेत. आत्ताच्या ओमेगात सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असते, तिला चुंबक लागतच नाही. २०१५ पासून त्यांची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गॉसच्या (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) क्षेत्रात तपासून देतात. तुमच्या पर्सच्या बटणाने त्यांना काही झालं नसतं. पण लाखांचं घड्याळ कॅडेटच्या हातात नको, बंदरात उतरल्यावर नजरा लागतात. सेकंड ऑफिसरचं लायसन मिळालं की स्वतःच्या पगाराने घेऊ दे. अण्णांनी स्वतःच्या पगाराने घेतलं होतं ना?

---

आंजर्ल्याचा:

गुहागरच्या काकांशी सहमत, पण एक भीती आहे. मुलाला नाही पाठवलं की घड्याळ कपाटात जाणार. आपल्या हवेत कपाट हीच सगळ्यात वाईट जागा.

माझ्या आजोबांचं वेस्ट एंडचं सोवार होतं. फार जपून, डब्यात, डांबरगोळ्या घालून ठेवलं. अकरा वर्षांनी डबा उघडला तर पट्ट्याला पांढरी बुरशी, आत तेलाचा डिंक झालेला, आणि झाकण चिकटून बसलेलं. घड्याळजी म्हणाले हे पाण्याने नाही, पावसाळ्याच्या दमट हवेने झालंय. रोज घातलेलं घड्याळ शरीराच्या उबेत कोरडं राहतं, तेलही फिरतं राहतं. ठेवायचंच तर कॅमेऱ्याची लेन्स ठेवतात तशा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि पुड्या दर महिन्याला तव्यावर कोरड्या करून.

पण ताई, तुम्हीच का घालत नाही? त्या काळची पुरुषांची घड्याळं ३४-३५ मिलिमीटरची असायची. आजच्या ४०-४२ च्या ताटल्यांसमोर ती लहान दिसतात. बाईच्या मनगटावर अगदी नीट बसतील.

---

हर्णैकरीण:

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. मुलाची तयारी, मेडिकल, कागदपत्रं आणि त्यात घरात पाहुणे.

पर्सला चुंबकाचं बटण आहे, आणि मी घड्याळ त्याला लागूनच्या कप्प्यात ठेवायची. शाळेतल्या बाईंकडून होकायंत्र आणलं. घड्याळ चार बोटांवर नेलं आणि सुई अशी काही गरकन फिरली की मुलगा ओरडलाच. मग एसटीने रत्नागिरीला जाऊन भाऊंकडे दिलं. चुंबक उतरवायला खरंच मिनिट लागलं नाही. मशीन उघडल्यावर त्यांनी मला भिंग दिलं. दांडीवर तीच हळदीची पूड. दोन भाग बदलले, जुने पुडीत आहेत. एक चाक वाचलं. आणखी एक पावसाळा गेला असता तर ते वाचलं नसतं असं भाऊ म्हणाले. देताना आकडा २६२ आला, आणि आता दिवसाला बारा सेकंद पुढे जातं.

काचेतलं चिन्ह मिळालं. पहाटे ओटीवर उभी राहून धरलं होतं. साठ वर्षं ते तिथे होतं आणि अण्णांनी कधी सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं की नव्हतं, आता कोणाला विचारणार?

डाग तसाच आहे.

मुलाला काकांचं म्हणणं वाचायला दिलं. तो आधी हिरमुसला, मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाला, "आई, सेकंड ऑफिसर झालो की दे." सायकोचं रबरी पट्ट्याचं घेतलं. गेल्या सोमवारी तो खेडहून गाडीत बसला.

आंजर्ल्याचं वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. चार वर्षं रोज हातात धरलं, पण बांधून बघावं असं एकदाही मनात आलं नव्हतं. पुरुषांचं घड्याळ, अण्णांचं, असंच डोक्यात. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घेतली आणि आता मीच घालते. संध्याकाळी बंदरावर मासळीच्या लिलावाला जाताना काढून ठेवते, बाकी दिवसभर हातात. हलवावं लागत नाही.

भाऊ, एकच विचारायचं राहिलं. वॉशर दर पावसाळ्याआधी बदलायचे की वर्षाआड चालेल?

---

रत्नागिरीचा घड्याळजी:

ताई, दर मे महिन्यात दाखवायला आणा. दाब देऊन तपासतो, धरत असतील तर बदलायचे नाहीत. उगाच झाकण उघडत राहू नये. आणि भांडी घासताना काढून ठेवा, साबणाचं पाणी वॉशर लवकर कडक करतं.